जनगणनेला आजीचं काम काय सांगायचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जनगणना येतेय, 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरलीय. म्हणजे दारात माणसं येणार आणि घरात कोण काय काम करतं ते विचारणार. मोबाईलवरून माहिती कशी भरायची वगैरे तुम्ही छापालच, मला त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलायचंय.

माझी आजी गेल्या पावसाळ्यात गेली. नव्वदी कधीच ओलांडली होती, नक्की वय कोणालाच माहीत नाही. जन्म उरणचा, लग्न उरणात आणि शेवटपर्यंत घरही तिथंच. मृत्यूच्या दाखल्याच्या फॉर्मवर व्यवसाय असा रकाना होता तर समोरच्या माणसाने न विचारताच गृहिणी लिहिलं. काका म्हणाले अहो ती मिठागरात राबलीय, सुकी मासळी विकलीय, तर म्हणे नोकरी नव्हती ना, मग गृहिणीच. हे मला फार लागलं. घर सांभाळणं कमी आहे असं अजिबात म्हणायचं नाहीये, पण जिने आयुष्यभर कमावून घर चालवलं तिच्या नावापुढे कमाईचा एक शब्द नाही?

आजोबा बोटीवर खलाशी होते, महिनोन्महिने बाहेर, पैसे येतील तेव्हा येतील. चार पोरं, सासू आणि भाताचा एक तुकडा, सगळं आजीवर. पावसाळ्यात लावणी, मग कापणी, ती उरकली की मिठागर. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या, पाय दिवसभर खारट पाण्यात, टाचांना भेगा पडायच्या आणि त्यात मीठ जायचं. रात्री खोबरेल तेल चोळत बसायची, मी म्हणायचे आजी आता बस कर तर म्हणायची, "काम नाय केलं त खाशील काय?" आणि लगेच मला जेवायला वाढायची.

याच्या जोडीला सुक्या मासळीचा धंदा. सोडे करताना कोळंबी सोलून सोलून बोटं टोचून लाल व्हायची, अंगणात वाळत घातलं की कावळे हाकलायला आम्हा पोरांना काठी देऊन बसवायची. जवळा, बोंबील, सोडे पाटीत भरून पहाटे मोरा बंदर, तिथून लाँचने भाऊचा धक्का आणि पुढे लालबागच्या चाळी. ओहोटी असली की मोऱ्याला लाँच धक्क्याला लागायची नाही, मग ती पाटी सांभाळत चिखलातून जायचं. मे महिन्यात धंदा जोरात, कारण चाळीतल्या बायका पावसाळ्याची बेगमी करायच्या. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं पण उधारी तोंडपाठ. नावं नाही, तिसरा माळा, जिन्याजवळची खोली, दोन मापं जवळा, असा तिचा हिशोब. कधी चुकल्याचं आम्ही ऐकलं नाही.

1982 च्या जानेवारीत गिरणी संप झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले आणि लालबाग-परळमधली चुलीपर्यंतची सगळी घडी विस्कटली. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी युनियनबद्दल लिहिलं, मालकांबद्दल लिहिलं, पण त्या चाळींमध्ये उधार माल देणाऱ्या बायकांचं काय झालं हे कुठे फारसं वाचायला मिळत नाही. आजीची उधारी बुडाली. तरी ती जात राहिली आणि जवळा देत राहिली, म्हणायची त्या बाईच्या घरात पोरं आहेत, मी काय पाटी परत घेऊन येऊ? ते पैसे तिने कधी मागितले नाहीत, काहींनी नंतर आपणहून आणून दिले.

नवी मुंबईसाठी उरण-पनवेलकडच्या जमिनी गेल्या त्यात आमचाही तुकडा गेला. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि न्हावा-शेव्याकडे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, गेलेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांनी केलेलं ते आंदोलन सगळ्यांना माहीत आहे. त्यात बायकाही होत्या, आजीही होती. पण सातबारा आजोबांच्या नावावर, मोबदला आजोबांच्या नावावर. लावणी-कापणी करणारीचं नाव त्या कागदावर कधीच नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत धरली जाते, हे मला तरी पटत नाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97, हे सरकारचेच आकडे. तो नियम लगेच बदलणार नाही, पण घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं काम मात्र काम म्हणूनच मोजलं जातं, 1991 पासून प्रश्नातच तसं घातलेलं आहे. आणि आपण काय करतो, दारातल्या माणसाला आतून ओरडून सांगतो, ती काही करत नाही, घरीच असते. आगरी-कोळी घरांतून हे सर्रास होतं. मासळी वाळवणारी, भाजीची जुडी बांधणारी, नवऱ्याच्या दुकानात दुपारभर बसणारी, शिलाई घेणारी, सगळ्या "घरीच असतात".

म्हणून विनंती एवढीच की जनगणनेची माहिती छापाल तेव्हा हे ठळक छापा, साध्या भाषेत आणि उदाहरणं देऊन. बाईला स्वतःला बोलू द्या हेही लिहा, उत्तर नवऱ्याने किंवा मुलाने देऊ नये.

माझी आई नेरूळला घरून डबे देते, सकाळी पाचला उठते, पोळ्या लाटायला एक मदतनीसही ठेवलीय. परवा तिला विचारलं तुझं काम काय सांगशील तर म्हणाली गृहिणी लिही की. मी म्हटलं आई, माणूस येईल तेव्हा डब्यांचं सांगायचं, पहिलं तेच सांगायचं. बराच वेळ वाद घातला, शेवटी हो म्हणालीय.

आपली,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई