फ्लाइट रिव्ह्यूत काय तपासायचे, हे नियमाने सांगावे

महोदय,

अमेरिकेत राहून हौसेने लहान विमान उडवणाऱ्या मराठी वाचकांपैकी मी एक आहे. माझ्याकडे रिक्रिएशनल पायलटचा परवाना आहे. हा प्रकार येथे १९८९ मध्ये सुरू झाला. प्रायव्हेट पायलटच्या वरच्या परवान्यासाठी किमान ४० तास उड्डाण करावे लागते, तर माझ्या परवान्यासाठी ३० तास पुरतात. त्याच्या बदल्यात एका वेळी एकच प्रवासी नेता येतो, सूर्यास्तानंतर उड्डाण करता येत नाही, विमानाचे इंजिन साधारणतः १८० अश्वशक्तीपेक्षा मोठे चालत नाही आणि वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय निघालेल्या विमानतळापासून ५० नॉटिकल मैलांपलीकडे जाता येत नाही. या मर्यादा मी समजून उमजून स्वीकारल्या आहेत आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती फ्लाइट रिव्ह्यूच्या नियमाबद्दल. दर २४ महिन्यांत प्रत्येक वैमानिकाने प्रशिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवर नियमांची उजळणी करावी आणि किमान एक तास उड्डाण करावे, एवढेच तो सांगतो. उड्डाणात काय करून पाहायचे, हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. पायलट नापास झाल्याची नोंदही कोठे होत नाही. प्रशिक्षक समाधानी नसेल तर तो लॉगबुकात रिव्ह्यू पूर्ण झाल्याची सही करत नाही, इतकेच.

याचा परिणाम काय होतो, ते मी स्वतः अनुभवले आहे. एका रिव्ह्यूत प्रशिक्षकांनी माझ्याकडून थोडी वळणे आणि तीन लँडिंग करून घेतली आणि तास भरताच सही केली. त्यानंतरच्या रिव्ह्यूत दुसऱ्या प्रशिक्षकांनी उड्डाणाच्या मध्यावर कसलीही सूचना न देता थ्रॉटल, म्हणजे इंजिनची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढला आणि इंजिन बंद पडले आहे असे समजून उतरायला सांगितले. मी निवडलेले शेत फार दूर होते. आपण तेथपर्यंत पोहोचणार नाही, हे मला कळले तेव्हा हाताशी फारशी उंची उरली नव्हती. त्यांनी सही रोखून धरली आणि आणखी दोन उड्डाणे करायला लावली. त्या वेळी मी मनातून नाराज झालो होतो, आज मात्र त्यांचा ऋणी आहे. पहिल्या प्रशिक्षकांनीही कोणताही नियम मोडला नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट मला खटकते, कारण आधीची दोन वर्षे मी हीच उणीव घेऊन शेजारच्या आसनावर प्रवासी बसवून उडत होतो.

दुसरी विसंगती दिवसांच्या हिशेबातली आहे. ४०० तासांपेक्षा कमी अनुभव असलेल्या रिक्रिएशनल पायलटने १८० दिवसांत पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून एकदाही उड्डाण केले नसेल, तर त्याला प्रशिक्षकाबरोबर सराव करून नवी सही घ्यावी लागते. विमानाची दुरुस्ती लांबल्यामुळे मलाही एकदा ती घ्यावी लागली. सराव तुटला की हात विसरतात, त्यामुळे हा नियम मला योग्यच वाटतो. पण केवळ ४१ तासांचा प्रायव्हेट पायलट रिव्ह्यूनंतर २३ महिने जमिनीवर राहिला, तरी तो एकट्याने विमान घेऊन निघू शकतो. प्रवासी न्यायचा असेल तरच त्याला ९० दिवसांतील तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची अट लागते. प्रायव्हेट पायलटला मोकळीक अधिक आहे, पण हात तर त्याचेही विसरतात.

युरोपात लहान विमानांच्या एलएपीएल परवान्यासाठी मागील २४ महिन्यांत १२ तासांचे उड्डाण आणि त्यातच प्रशिक्षकाबरोबर एक तासाचे उजळणी उड्डाण मागितले जाते. म्हणजे तेथे कॅलेंडरबरोबर उड्डाणाचे तासही मोजले जातात. अमेरिकेतही तसे व्हावे, आणि प्रत्येक रिव्ह्यूत इंजिन बंद पडल्यावरचे उतरणे, स्टॉलमधून (पंखांची उचल तुटण्यातून) सावरणे आणि आडव्या वाऱ्यातील लँडिंग या तीन गोष्टी तरी सक्तीच्या कराव्यात, असे मला वाटते. जे वैमानिक एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या विंग्स कार्यक्रमात नियमित सराव करून आजही रिव्ह्यूची गरज भागवतात, त्यांची सवलत तशीच ठेवायला हरकत नाही. नियम बदलेपर्यंत माझ्यासारख्या वाचकांनी रिव्ह्यूच्या आधीच प्रशिक्षकांना सांगून ठेवावे, की न सांगता थ्रॉटल ओढा.

आपला विश्वासू,
एक हौशी वैमानिक