फायबरवाल्या काकांना, ऑस्टिनहून जाहीर आभार

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीत फायबरच्या होड्या बांधण्यात हयात घालवलेला माणूस मुलाकडे टेक्सासात येतो काय आणि इथल्या मंडळींना वेकसर्फचे बोर्ड बनवायला शिकवतो काय! फोनवर तुमचे आभार मानून झाले, पण तेवढ्यावर समाधान होत नाही. तुम्ही दिलेली विद्या आमच्या गॅरेजपुरती राहू नये, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत, आणि नेमके कशाकशाबद्दल आभार तेही सांगतो आहोत.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीच्या टाक्यांत पाणी भरून तिला जड करायची, ताशी १६ ते १९ किलोमीटरने चालवायची आणि मागे उठणाऱ्या लाटेवर, दोरी सोडून, बोर्डावर उभं राहायचं. बोटीचा पंखा बुडाखाली, मागच्या कडेच्या बराच आत असला पाहिजे. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनामागे हा खेळ खेळायचाच नाही. ही लाट बोटीबरोबर चालत राहते, पण ती आखूड असते आणि वेग कमी असतो. म्हणून बोर्डही साधारण साडेचार-पाच फुटांचा. समुद्रावरचा बोर्ड आखूड केला की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं का होत नाही हे तुम्ही होडीच्या बुडावरून समजावलंत.

मागच्या भागात रेलची, म्हणजे बोर्डाच्या बाजूची, खालची कड गोल ठेवली तर पाणी कडेला चिकटून वर चढतं आणि बोर्डाला मागे ओढतं. कड तीक्ष्ण असली की पाणी तिथेच सुटतं. ताशी १८ किलोमीटरला हा फरक सरळ वेगात दिसतो. आमच्या ७५ किलोच्या माणसाच्या बोर्डात, ४ फूट ८ इंच लांब, सव्वावीस इंच रुंद, मध्यभागी दीड इंच जाड, शेवटच्या १५ इंचांत ही कड आहे आणि पुढे ती हळूहळू विरत जाते. कड तासून काढता येत नाही, ती रेझिनने बांधावी लागते. हॉट कोटच्या, म्हणजे कापडावर चढवायच्या रेझिनच्या दुसऱ्या थराच्या, वेळी रेलला बाहेरून टेप लावून पाळ करायची, रेझिन तिथे साचू द्यायचं, ते जेलीसारखं झालं की टेप ओढायची आणि कडक झाल्यावर लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासायचं. हाताने घासलं की कड हमखास गोल होते. ठोकळा सोडायचा नाही, हा तुमचा नियम भिंतीवर लिहून ठेवला आहे.

रॉकर, म्हणजे बुडाचा नाकाकडे आणि शेपटीकडे वर उचललेला बाक, त्याबद्दलही तसंच. बुडावर मध्यभागी सरळ पट्टी ठेवून मोजायचं: नाकाशी तीन इंचांच्या आसपास, शेपटीशी दीड. नाकाचा बाक कमी पडला तर उतारावर नाक पाण्यात घुसतं. शेपटीचा बाक जास्त झाला तर बोर्ड छान वळतो, पण लाटेपासून जरा मागे पडला की परत पुढे येत नाही. आखूड लाटेवर हा दोष जास्त महागात पडतो, म्हणून शंका आली की आम्ही शेपटी सपाटीकडे झुकवतो.

आता फोम आणि रेझिन, जिथे तुमचे उपकार सगळ्यांत मोठे आहेत. डिसेंबर २००५ मध्ये सर्फबोर्डांसाठी पॉलियुरेथेनचा फोम बनवणारी कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही कंपनी अचानक बंद झाली आणि सर्फबोर्ड बनवणारे पॉलियुरेथेनला पर्याय म्हणून ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम, आणि इपॉक्सीकडे मोठ्या संख्येने वळले. वेकसर्फच्या पातळ, हलक्या बोर्डांना हीच जोडी सोयीची. पण तुमचं आयुष्य पॉलिस्टर रेझिनमध्ये गेलेलं. पहिल्याच दिवशी तुम्ही फोमच्या तुकड्यावर पॉलिस्टर रेझिनचा थेंब टाकून दाखवलात. त्यातलं स्टायरीन फोमला बघता बघता खाऊन टाकतं, खड्डा पडतो. त्यानंतर कोणी त्या डब्याला हात लावला नाही.

दुसरा धडा त्याहून कामाचा. होडीच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर बसवणारा द्रव) आणि हार्डनर थोडं कमी-जास्त करून काम लवकर किंवा उशिरा बसवता येतं. (कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो, हेही तुम्ही आठवणीने सांगितलंत.) इपॉक्सीत ही मुभा नाही. तिथे हार्डनर रेझिनशी ठरलेल्या प्रमाणात जोडला जातो. जास्त घातला तर उरतो, कमी घातला तर रेझिन उरतं, आणि दोन्ही वेळा बोर्ड मऊ, चिकट राहतो. घाई असेल तर जलद हार्डनर वापरायचा, प्रमाण बदलायचं नाही. डब्यावर २:१ लिहिलेलं बहुधा आकारमानाचं असतं. वजनाचं प्रमाण वेगळं निघतं आणि ते उत्पादकाच्या कागदावर पाहायचं. मिश्रण पेल्यात ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, कारण एका जागी साठलं की ते स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागतं. कालवून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं.

कापडाच्या बाबतीतही तुम्ही सवय सोडायला लावलीत. होडीला लागते ती तुटक धाग्यांची मॅट इथे नको. तिला धरून ठेवणारा चिकटपदार्थ बहुधा स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत तो नीट सुटत नाही आणि मॅट पांढरी, कोरडी राहते. विणलेलं कापडच घ्यायचं: खाली ६ औंसाचा एक थर, वर ६ औंसाचा एक आणि ४ औंसाचा एक, टाचांखाली कार्बन-धाग्याच्या कापडाची ठिगळं. ६ औंसाचं कापड म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम. बुडाला रेलवरच्या घडीसकट पाऊण चौरस मीटर लागतं, म्हणजे दीडशे ग्रॅम कापड. हाताने काम करताना रेझिन कापडाच्या वजनाइतकंच; फोम थोडं पितो म्हणून १७० ते १८० ग्रॅम कालवायचं. त्याआधी हलक्या पुट्टीने फोमच्या मण्यांमधल्या फटी भरल्या नाहीत तर तो कितीही पितो आणि वजन हातचं जातं.

काका, तुमचा वजनकाटा अजून टेबलावर त्याच कोपऱ्यात आहे. दोन पाउंडी फोम, म्हणजे घनमीटरला ३२ किलो. बोर्ड सोळा-सतरा लिटरचा. म्हणजे कोरा फोम अर्ध्या किलोच्या जरा वर भरला पाहिजे. प्रत्येक टप्प्याला वजन करून फोमवरच पेन्सिलीने लिहायचं, ही तुमची शिस्त. तो आकडा कापडाखालून कायमचा दिसत राहतो. पायाखालचं पॅड चढवून तयार बोर्ड दोन किलोच्या आसपास येतो. पुढे हाच आकडा रोगनिदानाला उपयोगी पडतो: वापरातला बोर्ड आधीच्या वजनापेक्षा दीड-दोनशे ग्रॅम जड लागला की कुठेतरी चीर आहे आणि मण्यांमध्ये पाणी शिरलंय. अशा बोर्डाला वरून ठिगळ लावायचं नाही. आधी चीर मोकळी करून, नाक खाली ठेवून, सावलीत आठवडाभर सुकवायचं आणि वजन मूळ आकड्यावर आलं की मगच भरायचं.

ऑस्टिनच्या उन्हाळ्यात दुपारी ३८ अंश सहज होतात. इपॉक्सी लावायला सर्वांत वाईट वेळ सकाळची, हे ऐकून आम्ही चकित झालो होतो. कारण तुम्ही आकड्यात सांगितलंत. या फोममध्ये ९७ टक्के हवाच असते. सकाळी २४ अंशाला कापड चढवलं आणि दुपारी गॅरेज ३४ अंशाला गेलं तर ती हवा तीन टक्क्यांहून जास्त फुगू पाहते, म्हणजे सोळा लिटरच्या बोर्डात अर्धा लिटर. ती ओल्या रेझिनमधून वाट काढते आणि कापडाखाली टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे उमटतात. म्हणून फोम दिवसभर गरम जागी ठेवायचा आणि उन्हं कलल्यावर, तापमान उतरत असताना काम करायचं. फोममधली हवा आकसते आणि रेझिनला आत ओढून घेते. एवढ्या एका गोष्टीने बुडबुडे गेले.

व्हॅक्यूमच्या पिशवीबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. रेझिन ओलं असताना बोर्ड पिशवीत घालून पंपाने हवा काढायची, म्हणजे कापड फोमवर घट्ट दाबलं जातं. पंप आहे म्हणून काटा शेवटापर्यंत नेण्याचा मोह होतो. पाऱ्याच्या १० इंचांवर थांबायचं. एवढ्यानेही बोर्डाच्या एका बाजूवर जवळजवळ दोन टनांचा भार पडतो. पूर्ण निर्वात केलं तर सहा टन. हलका एक पाउंडी फोम त्यात चेपतो, आणि दोन पाउंडीसुद्धा रेझिनच्या उष्णतेने मऊ झाला की बसू लागतो. त्याहून लपलेला धोका रॉकरचा: पातळ बोर्ड पिशवीत वाकतो आणि वाकलेल्या आकारातच कडक होतो. यावर तुमचा उपाय फुकटातला होता. तापल्या तारेने फोमच्या ठोकळ्यातून बोर्ड कापला की वरचा आणि खालचा तुकडा उरतो. तो फेकायचा नाही. खालच्या तुकड्याचा बाक बोर्डाच्या बाकाशी बरोबर जुळतो, त्यातच बोर्ड बसवून पिशवी ओढायची. थर लावण्याचा क्रम: कापडावर पील प्लाय (रेझिन बसल्यावर सोलून काढायचं कापड), मग भोकांची फिल्म, मग जादा रेझिन पिणारं कापड, मग पिशवी. पंप बंद करून पाच मिनिटं काटा बघायचा. एक इंचाहून जास्त उतरला तर गळती आहे, आणि ती बहुतेक वेळा पिशवीच्या घडीत, चिकटपट्टीच्या वळणावर सापडते.

तापल्या तारेचं तंत्रही सांगायला हवं. दोन टोकांना दोन माणसं असतात, तेव्हा साच्यावर आकडे लिहायचे आणि मोठ्याने म्हणत, एकाच वेळी त्याच आकड्यावर पोचायचं. घाईने ओढलं तर तारेचा मध्य मागे रेंगाळतो आणि नाकाशी, जिथे बाक जास्त, तिथे बूड मधोमध चुकीचं कापलं जातं.

फिन, म्हणजे शेपटीखालची पाती, ज्या खाचांत बसवतात त्या बॉक्सनी आमचा बराच छळ केला. शेपटीजवळ जाडी जेमतेम एक इंच, आणि पाऊण इंच खोल बॉक्स घातला तर वर पाव इंच फोम उरतो. फिन बोटीच्या मागच्या फळीवर आपटली की बॉक्स वरून फुटून बाहेर येतो. अर्धा इंची बॉक्स घ्यायचा, भोवती घट्ट पीव्हीसी फोमची चौकट बसवायची आणि वरून कापडाचं ठिगळ टाकायचं, हा मार्ग तुम्ही सुचवलात आणि ते बॉक्स टिकले. पुढच्या फिन रेलपासून सव्वा इंच आत, नाकाकडे अंदाजे १/८ इंच कललेल्या. ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनने १९८१ मध्ये तीन फिनचा बोर्ड स्पर्धांत जिंकून दाखवला, तेव्हापासून समुद्रावर तीच मांडणी रुजली. वेकवर मात्र आमचं मत असं की पाचही बॉक्स बसवावेत आणि लाटेवर ठरवावं. शेपटी घसरत असेल तर मधली फिन मोठी. बोर्ड जखडल्यासारखा वाटत असेल तर मधली काढून चार.

इथल्या लेक ट्रॅव्हिस तलावावर चाचणी कशी घ्यायची हेही तुमचंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टाक्या तेवढ्याच भरलेल्या, वेग जीपीएसने बांधलेला आणि बोटीतली माणसं जागच्या जागी. ८० किलोचा माणूस डावीकडून उजवीकडे जाऊन बसला तरी लाट बदलते आणि दोष बोर्डाच्या माथी येतो. पायांच्या जागा मेणाच्या पेन्सिलीने आखायच्या. निघताना टाक्या आणि बोट रिकामी करून सुकवायची. या तलावात २०१७ पासून झेब्रा शिंपले, म्हणजे झपाट्याने पसरणारे उपद्रवी परके शिंपले, आहेत आणि दुसऱ्या तलावात ते नेण्याचं पाप आपल्याकडून होता कामा नये.

शेवटी, तुम्ही आमच्या हातांची जी काळजी घेतलीत त्याबद्दल. कारखान्यात लोक हात ॲसिटोनने धुतात. इपॉक्सीत तेच केलं तर हार्डनर कातडीत मुरतो, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुन्हा हे काम करता येत नाही. नायट्राइलचे हातमोजे, लागलंच तर साबण आणि पाणी, घासताना धुळीचा चांगला मास्क: यात तुम्ही कोणाला सूट दिली नाहीत. हातमोजे विसरलेल्या माणसाला तुम्ही गॅरेजबाहेर उभं केलंत. तुमच्या त्या कडकपणामुळे आजही सगळ्यांचे हात धड आहेत, काका. त्याबद्दल आमच्या घरच्यांचेही तुम्हाला आभार.

नवा बोर्ड ९० किलोच्या माणसासाठी आहे. फोम कापून तयार आहे, वजन ६४० ग्रॅम भरलं, लिहून ठेवलंय. कार्बन उन्हात हात ठेववत नाही इतका तापतो आणि खालचा फोम सुटतो, म्हणून या वेळी वरून पांढरा रंग देणार आहोत. कड १५ इंच ठेवावी की १७, यावर आमच्यात एकमत होत नाही. दिवाळीनंतर तुम्ही येणार असं कळलं. तोवर शेपटीला हात लावत नाही.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचे,
ऑस्टिनची बोर्डवाली मंडळी