दाब कमी की वायर बारीक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिमगा झाला की आमच्या खानापूर तालुक्यात रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीची तांब्याच्या तारेची गुंडाळी नव्यानं भरायच्या, दुकानांपुढे जळक्या मोटारी येऊन पडू लागतात. मोटार खाली ठेवता ठेवताच गिऱ्हाईक सांगतं, "लाइटीला दाबच नाही हो!" दाब म्हणजे व्होल्टेज. आणि शिव्या खातो बिचारा लाइनमन. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा चोर आपल्याच रानात असतो. मीटरपासून विहिरीपर्यंत ओढलेली वायर कुणी तपासतच नाही.

नंदगडकडच्या एका मळ्यात एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार सारखी तापत होती. पंप चालू ठेवून मोजलं. मीटरपाशी 222 व्होल्ट, विहिरीवर स्टार्टरपाशी 192, करंट 7 अँपिअर. म्हणजे 30 व्होल्ट वाटेतच गेले. 30 भागिले 7, वायरीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सव्वाचार ओहमच्या वर. 30 गुणिले 7, म्हणजे 210 वॅट नुसती वायर तापवण्यात. पाच तास पंप चालला की एक युनिट पाण्याविनाच खर्च!

वायर होती एक एमएमची (म्हणजे तारेचा छेद एक चौरस मिलिमीटर), अंतर 120 मीटर, जाऊन-येऊन 240. तांब्याच्या अशा वायरीला किलोमीटरमागे 18 ओहम धरा, हिशेब जुळतो. तिथंच अडीच एमएमची असती तर रोध पावणेदोनवर आला असता आणि घट 12-13 व्होल्टवर.

पंप बंद ठेवून मोजू नका. करंट वाहत नसला की दोन्हीकडं दाब सारखाच दिसतो आणि वायर निर्दोष सुटते. करंट मोजायला वायरीभोवती चिमटा लावायचा क्लॅम्प मीटर असतो; त्याच्या चिमट्यात एकच वायर घ्या. दोन्ही एकदम धरल्या तर काटा शून्यावरच. उघड्या टर्मिनलवर मात्र जाणकारानंच हात घालावा.

हा भागाकार मोटारीला लावू नये, हेही सांगतो. 192 ला 7 नं भागून गुंडाळीचा रोध येत नाही आणि गुणून खरे वॅटही येत नाहीत. एसी मोटारीत पॉवर फॅक्टर आडवा येतो, म्हणजे दाब आणि करंट एकाच तालात चढत-उतरत नाहीत. पाणी तापवायच्या रॉडला मात्र हा हिशेब चालतो. 1500 वॅटच्या रॉडला 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात, रोध 35 ओहम. दाब 180 वर आला की करंट 5 आणि वॅट जेमतेम 900; पाणी उशिरा तापतं, एवढंच. मोटारीचं उलटं. पाण्याचा भार तोच असतो, म्हणून दाब उतरला की ती करंट जास्त ओढते आणि गुंडाळी जळते.

दहावीच्या विज्ञानात विजेचा धडा आहे. पोरं ओहमच्या नियमाचं सूत्र (व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध) घडाघडा म्हणतात, पण घरच्या विहिरीवर ते कुणी लावत नाही. हायस्कूलच्या शिक्षकांनी वायरमनला सोबत घेऊन मुलांना एकदा चालू पंपावर न्यावं. वायर विकणाऱ्यांनी बिल करण्याआधी विहीर किती लांब आहे ते विचारावं. आणि मीटरपाशीच, पंप चालू असताना 180 व्होल्ट दिसले, तर तक्रारअर्जात तारीख, वेळ आणि आकडा लिहा; नुसतं "दाब कमी" लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंग कारागीर,
ता. खानापूर, जि. बेळगाव