१२/५० म्हणजे अस्सल?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला मुद्राचित्रांवरचा, म्हणजे पत्र्यावरून कागदावर छापलेल्या एचिंगसारख्या चित्रांवरचा, लेख वाचला. एचिंगखाली पेन्सिलीने लिहिलेला १२/५० असा आकडा (पन्नास प्रतींपैकी बारावी) ही अस्सलपणाची खूण, असे त्यात म्हटले आहे. हे पटले नाही. तो आकडा बाजाराने आणला, तोही फार उशिरा.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढतात. पत्रा आम्लात बुडवला की त्या रेघा खोल जातात. त्यांत शाई भरून ओलसर कागदावर दाबून प्रत काढतात. दर प्रतीला पत्रा थोडा झिजतो. चांगल्या प्रती किती निघणार, हे पूर्वी तांबेच ठरवत असे. १८५७च्या सुमारास फ्रान्समध्ये पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवण्याची युक्ती निघाली आणि झिजेची अडचण जवळपास संपली. मग टंचाई कागदावर लिहून निर्माण करावी लागली. प्रती मोजून सही करण्याची रीत त्यानंतर रुजली.

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां असे आकडे घालत नसे, पण व्यवहारात तो कच्चा होता असे नाही. एकाच पत्र्यात किरकोळ फेरफार करून तो नव्या प्रती काढी. जूनो या रोमन देवीच्या त्याच्या चित्राच्या मुकुटवाली आणि बिनमुकुटाची अशा दोन्ही प्रती संग्रही नसतील तर कोणी रसिक मानत नसे, असे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या हाउब्राकेनने १७१८ मध्ये लिहून ठेवले आहे. रेम्ब्रांच्या ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ या गाजलेल्या एचिंगचा झिजलेला पत्रा पुढे कॅप्टन विल्यम बेली या मुद्राचित्रकाराच्या हाती लागला. १७७५ मध्ये त्याने तो दुरुस्त करून प्रती विकल्या, मग पत्र्याचे चार तुकडे केले आणि तुकड्यांच्याही प्रती काढल्या. मर्यादित आवृत्तीची ही तऱ्हा!

विक्रीला माझा विरोध नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९ मध्ये ‘काप्रिचोस’ हा ८० चित्रांचा संच माद्रिदला अत्तरांच्या दुकानात विकायला ठेवला होता.

आता तैलचित्राचा फोटो इंकजेटवर छापून, खाली २५/१०० लिहून तो एचिंगशेजारी टांगलेला दिसतो. विका, पण तसे सांगून विका. घेणाऱ्यानेही आकड्याआधी कागद तिरक्या उजेडात बघावा. एचिंगमध्ये पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो, रेघेतली शाई किंचित उंचावलेली दिसते (बोट मात्र लावू नये). कडेचा दाब खोटाही पाडता येतो. म्हणून भिंग जवळ असावे. इंकजेटच्या रेघेत रंगांचे बारीक ठिपके दिसतात.

पुरवणीत यापुढे मुद्राचित्र छापताना आकड्याबरोबर तंत्राचे नावही द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे