बाबांच्या तपासणीबद्दल, दोघांनी मिळून वाचा

आई, बाबा,

फोनवर हे सांगणं जमूनच नाही राहिलं, बाबा "हो हो" म्हणतात आणि फोन आईकडे देऊन टाकतात, म्हणून लिहून पाठवते. आई, मोठ्याने वाचून दाखव, पण बाबांसमोर, त्यांच्यामागे नको.

"वय झालं, आता असंच चालायचं" हे बाबांच्या विसरण्याचं कारण मला काही पटलेलं नाही. आजीचं विसरणं आठवतं ना, कितीतरी वर्षं हळूहळू चाललं होतं, आधी नावं, मग पैसे, मग घरचीच माणसं. अल्झायमर बहुतेक असाच येतो, दबक्या पावलांनी. बाबा तर दिवाळीत सोसायटीचा सगळा हिशोब स्वतः करत होते आणि संक्रांतीला बर्डीहून घरी येताना रस्ता चुकले! तीन महिन्यांच्या आत एवढं बदललं की डॉक्टर आधी दुसरं काही तर नाही ना ते बघतात, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, डोक्यात रक्त साकळणं, आणि त्यातच एक ऑटोइम्यून आजार. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा मेंदूतल्याच प्रथिनांवर अँटिबॉडी सोडते. निदान सुरुवातीला तरी पेशी मेलेल्या नसतात, त्यांचं काम अडलेलं असतं, म्हणून वेळेत औषध मिळालं तर माणूस बराच सावरू शकतो. अल्झायमरमध्ये पेशीच झिजत जातात. माझी घाई आहे ती यासाठी.

आणि आई, तू पाठवलेला तो व्हिडिओ. बाबांच्या हातात कप आहे, डावा हात झटकन आत ओढला जातो, तोंडाची तीच बाजू खेचली जाते, दोन-तीन सेकंदात संपलं, चहा बनियनवर, आणि बाबा म्हणून राहिले "काही नाही, हात सटकला". दिवसातून कितीदा होतं असं? कारण चेहरा आणि हात एकाच बाजूचे असे क्षणभर झटकणं ही एलजीआय-वन नावाच्या मेंदूतल्या प्रथिनावरच्या अँटिबॉडीची जवळपास सहीच समजतात, आणि हा आजार साठीच्या आसपासच्या पुरुषांत जास्त दिसतो. २०१० पर्यंत तर अँटिबॉडी नेमकी कशावर धरते हेही चुकीचं समजत होते, पोटॅशियम चॅनलवर वाटायचं, मग एलजीआय-वन सापडलं. यात रक्तातलं सोडियमही बऱ्याच जणांचं घसरतं. बाबांचं घसरलं तेव्हा त्या दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवलं, कशामुळे कमी झालं हे कोणी विचारलंच नाही, राग येतो पण जाऊ दे. बीपीच्या काही गोळ्यांनीही सोडियम कमी होतं, तेव्हा त्यावरून एकट्यावरून काही ठरत नाही.

आता पाठीतल्या पाण्याचं. कमरेत सुई टोचून मणक्यातलं पाणी काढून तपासा असं धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर सांगितलं. आत्या म्हणते सुई टोचली की पाय जातात, तर बाबा, मज्जारज्जू कमरेच्या बराच वर संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात. दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, तेवढं खरं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ते मात्र आधी सांगा.

त्या पाण्यात काय बघतात? पांढऱ्या पेशी किंवा प्रोटीन वाढलं असेल तर सूज आहे असं समजतं, पण एलजीआय-वनमध्ये पाणी अगदी नॉर्मलही येतं, तेव्हा नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं समजू नका. अल्झायमर असेल तर अमायलॉइड-बीटा-४२ हे प्रथिन कमी येतं आणि फॉस्फो-टाऊ हे दुसरं वाढलेलं. न्यूरोफिलामेंट नावाची पण एक टेस्ट आहे, ती फक्त घरात चोरी झाली एवढं सांगते, चोर कोण ते नाही, कारण पेशी कशानेही तुटल्या तरी ते वाढतं. कोणी "हीच करा" म्हणून पैसे घेत असेल तर विचारा कशासाठी.

अँटिबॉडीचं पॅनल, म्हणजे बऱ्याच अँटिबॉडींची एकत्र तपासणी, रक्त आणि पाणी दोन्हींवर करायला सांगा, हे मी मुद्दाम लिहून राहिली. एलजीआय-वन रक्तात जास्त सापडतं, एनएमडीए रिसेप्टरवाली दुसरी अँटिबॉडी पाण्यात, एकच पाठवलं तर हातची निसटू शकते. उलटही होतं, नुसत्या रक्तात थोडीशी अँटिबॉडी दिसली म्हणजे आजार आहेच असं नाही. थायरॉइडची टीपीओ अँटिबॉडी तर कितीतरी धडधाकट लोकांत असते, आई तुझ्यातही आहे, म्हणून काय तुला काही झालं का? मी लॅबमध्ये नमुने तपासते, डॉक्टर नाही, पण नुसता कागद बघून निदान करणारे खूप बघितले.

आयव्हीआयजी द्यायचं ठरलं तर नमुने त्याआधी घ्यायचे, ते औषधच दुसऱ्यांच्या अँटिबॉडींचं असतं, मग रिपोर्टचा गोंधळ होतो. आणि डॉक्टरांना संशय पक्का वाटला तर रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात, त्यात घाबरू नका, फक्त बाबांची शुगर वाढेल, ग्लुकोमीटर काढून ठेव.

जास्त आशा पण लावत नाही. अल्झायमरच निघू शकतो, आणि ऑटोइम्यून निघालं तरी झटके लवकर थांबतात, आठवण हळू येते, थोडी कमी राहूनही जाते. आयजीलॉन-फाइव्ह नावाचा एक आजार तर असा आहे की अँटिबॉडी पण आणि टाऊ पण, म्हणजे दोन्हीकडचा.

बाबा, सही तुम्हालाच करायची आहे, मी जबरदस्ती करणार नाही, पण आत्याचं ऐकून नाही म्हणू नका, डॉक्टरांना विचारून म्हणा. शनिवारी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघते, सोमवारची वेळ घेऊन ठेवा. आई, एमआरआयची फिल्म नुसती नाही, सीडी पण शोध, आणि तो व्हिडिओ डिलीट करू नको, अजून एक-दोन काढ. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आजच पाठव, मागच्या बाजूचे, नावं तिकडेच असतात.

तुमची,
ताई