करपा आणि पाव एकर

महोदय,
आयर्लंडच्या दुष्काळाचे सारे खापर बटाट्यावरील करप्यावर फोडले जाते, ते अपुरे आहे. १८४५ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान पील यांनी एक लाख पौंड किमतीचा अमेरिकी मका गुपचूप मागवला. पण तो इतका टणक की दोनदा दळावा लागे, अर्धाकच्चा खाल्ला की पोट बिघडे. १८४६ मध्ये जवळपास सगळे पीक गेले. १८४७ मध्ये करपा सौम्य होता, मात्र बेण्याचे बटाटे आधीच खाऊन संपल्याने लागवडच थोडी झाली. त्यात ग्रेगरी कलम: पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. जमीन सोडा, नाहीतर उपाशी राहा! हे कलम मांडणारे विल्यम ग्रेगरी पुढे सिलोनचे गव्हर्नर झाले.
– एक वाचक