बक्षीस नको, हप्ता द्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

ठेवीच्या व्याजातून शाळेला दरवर्षी काही द्यायचं तुम्ही ठरवलंत, ऐकून फार बरं वाटलं. फोनवर मी हो हो म्हटलं खरं, पण सगळे पैसे दहावीत पहिल्या येणाऱ्याला द्यायचे, हे काही पटेना. बाबा, रागावू नका. पहिला येणारा बहुतेक तुमच्या पैशांवाचूनही पुढे शिकेल. जो दहावीपर्यंत पोचतच नाही, त्याचं काय?

आई, तुझंच बघ ना. फी माफ होती, तरी सातवीनंतर शाळा सुटलीच. पुढची शाळा लांब, धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नाही, शेतात माणूस कमी. गरीब घराचा हिशेब फीवर थांबत नाही. वह्या, गणवेश, जाण्यायेण्याचं भाडं असतंच; पण सगळ्यांत जड जाते ती मूल शाळेत बसल्यामुळे बुडणारी मजुरी. मूल वाढतं तशी तीही वाढते, म्हणून वरच्या वर्गांत गळती जास्त.

मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना काढली ती हे ओळखूनच. पैसे आईच्या हाती द्यायचे, इयत्तेबरोबर रक्कम वाढवायची, माध्यमिक वर्गांत मुलींना मुलांपेक्षा थोडे जास्त. हजेरी मात्र ८५ टक्के हवी. शाळेत टिकणाऱ्यांची संख्या वाढली ती मुख्यतः माध्यमिक वर्गांतच, आणि मुलींची अधिक. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना भत्ता दिला. हजेरी आणि गुणांबरोबर मुलीचं लग्न झालेलं नसावं, अशीही अट घातली. मला तर तीच सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

आपल्याकडची एनएमएमएस, म्हणजे गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्तीही आठवीनंतरची गळती रोखण्यासाठीच आहे. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. पण ती परीक्षा देऊन मिळते. ज्याचं वाचनच कच्चं राहिलंय, तो त्या यादीत कुठून येणार? तुमचे पैसे अशांसाठी असू द्या.

आठवीतून नववीत जाणारी दोन-तीन मुलं धरा आणि दहावी होईपर्यंत सोडू नका. गुणांची अट नको, हजेरीची पुरे. तीही आजारपणात सैल करायची. पैसे शाळा सुरू होण्याआधी हातात पडले पाहिजेत. सहा महिन्यांनी आलेली शिष्यवृत्ती उसनवारी फेडण्यात जाते, नाहीतर तोवर मुलाने शाळा सोडलेली असते. आणि स्टेजवर बोलावून चेक, फोटो हे प्रकार कृपा करून नकोत (बाबा, हे तुमच्यासाठी!). चौदा वर्षांच्या मुलीला ‘गरीब’ म्हणून चारचौघांत उभं केलं, तर ती दुसऱ्या दिवसापासून वर्गात मान वर करणार नाही.

पैशाने शिकवणं सुधारत नाही, हे मलाही कळतं. वाचनात मागे पडलेल्यांना संध्याकाळी तासभर आई बसवू शकेल, तिची इच्छा असेल तर.

मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा गुणांची यादी मागू नका. गेल्या वर्षी आठवी पास होऊन नववीत कोण आलं नाही, आणि यंदा आठवीत कोणाची हजेरी अधूनमधून तुटते, एवढंच विचारा. नावं ठरली की त्या मुलांच्या आईंच्या नावावर बँकेत खाती आहेत का ते बघून ठेवा. पहिला हप्ता मी भरते.

तुमची,
लेक